पंडित सरांचं पान

उधना, सुरत
१९ जुलै १९९८

चि. सुवर्णास,
आशीर्वाद.

तुझ्या बापाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, कॉम्प्युटरचं मला विचारू नकोस, सुवर्णाला लिही." म्हणून लिहिते आहे. फोन केला असता, पण एसटीडीच्या मीटरकडे बघत बघत मला विचार करता येत नाही.

प्रकरण असं. मी निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं की शाळा आता माझा पिच्छा सोडेल. परवा संस्थेचे अध्यक्ष धुडकूशेठ घरी आले. त्यांचा बमरोलीत कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे, स्वतः सातवी शिकलेले, आणि आमच्या मराठी शाळेवर त्यांचा जीव आहे हे मला मान्य करावंच लागतं. पलीकडच्या गुजराती शाळेने म्हणे इंटरनेटवर पानं काढली आहेत. प्रत्येक विषयाचं एक पान, त्यावर शिक्षक धडे लिहितात, मुलं कुठूनही वाचतात. "आपलंबी पाहिजे ना, बाई."

मी म्हटलं, "शेठ, एका बाकावर चार पोरी बसतात. आधी बाक आणा."

तर आपल्या अहिराणीत म्हणतात, "बाक कोन देखस, बाई? इंटरनेट अमेरिकामा दिखस."

दोन कॉम्प्युटर येऊन पडलेही आहेत. शाळेत टायपिंग कुणाला येत नाही. मला येतं. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी टायपिंग आणि शॉर्टहँड दोन्ही घोटून घेतलं होतं. आम्ही पुढे कुठल्या तरी साहेबाची पत्रं टाइप करू, एवढीच त्यांची आमच्याबद्दल अपेक्षा. त्यामुळे शिक्षकांना पानं करायला मदत करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी नाही म्हणणार होते. पण एक तर मला स्वतःलाच जाणून घ्यायचं आहे. कुणी बघत नसतं तेव्हा हे पान कुठे असतं? दोघांनी एकदम उघडलं तर एकाला थांबावं लागतं का, वाचनालयासारखं? पुसलं तर खरंच पुसलं जातं का?

आणि दुसरं कारण दहावीचं विज्ञान. इथल्या मुलांचे बाप खानदेशातून येऊन लूमवर, आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी. मुलंही घरी हातभार लावतात आणि तास चुकतात. शिकवणी कुणालाच नाही. दहावीच्या तिन्ही तुकड्यांना विज्ञान शिकवणारा माणूस एकच, पंडित सर. त्यांच्या तासाला जे कानावर पडलं तेवढंच मार्चमध्ये पेपरात उतरतं. ज्याचा तास बुडाला तो बुडाला. तेव्हा पान करायचंच असेल तर ते पंडित सरांचं झालं पाहिजे. बाकीच्यांनी आपापले फोटो लावून घ्यावेत.

काय लागतं ते कळव.

सरलाआत्या

पुणे
२८ जुलै १९९८

ती. सरलाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझे प्रश्न ऑफिसात वाचून दाखवले. आमचे साहेब म्हणाले, या बाईंना इथे नोकरी द्या.

कुणी बघत नसतं तेव्हा पान आमच्या इथल्या एका मशीनमध्ये असतं. ते मशीन रात्रंदिवस चालू असतं. तुमच्या शाळेसाठी त्यातली थोडी जागा साहेबांनी देऊ केली आहे. शंभर जणांनी एकदम उघडलं तरी कुणाला थांबावं लागत नाही. आणि पुसलं तर आमच्याकडून पुसलं जातं, पण कुणी आपल्याकडे उतरवून घेतलं असेल तर ते त्याच्याकडे राहतं. छापील पुस्तकात आणि यात मुख्य फरक हा की पान उद्या बदलता येतं. मुलाने प्रश्न विचारला, की उत्तर त्याच पानात घालता येतं.

पाकिटात फ्लॉपी आहे. तिच्यात पानाचा साचा आणि मराठी अक्षरांचा फाँट आहे. प्रत्येक पानाखाली माझा ईमेल पत्ता ठेवला आहे, अडलं तर कुणीही लिहावं.

शिक्षकांना आधी कॉम्प्युटर शिकवत बसू नकोस, ते घाबरतील. फक्त विचार, काल गैरहजर असलेलं मूल आज तुमच्यापुढे उभं आहे, तर त्याला काय सांगाल? ते कागदावर लिहून घे आणि टाइप कर. पान म्हणजे तेवढंच.

हे पंडित सर कोण गं? तुझ्या पत्रात बोलणी न खाल्लेला हा पहिलाच माणूस.

तुझी सुवर्णा

उधना
६ सप्टेंबर १९९८

चि. सुवर्णास,
आशीर्वाद.

तू ज्याला "फक्त विचार" म्हणतेस त्यात माझा महिना गेला.

मी सगळ्यांना खोलीत बसवून तुझा प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने काय आणलं असेल? टाचण! तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. रोज काय शिकवणार ते शिक्षकाने आदल्या दिवशी वहीत लिहायचं, त्याला टाचण म्हणतात. ते मुलांसाठी नसतं, इन्स्पेक्टरसाठी असतं. इन्स्पेक्टर येतो, वही बघतो, चहा पितो, जातो. मी मुख्याध्यापिका असताना असल्या वह्यांवर इतक्या सह्या केल्या की झोपेतही हात चालायचा. उषाबाईंच्या इतिहासाच्या पानाची सुरुवात "सामान्य उद्दिष्टे" अशी आहे. गैरहजर मुलाला या बाई सामान्य उद्दिष्टे सांगणार!

हे मी गिळलं. पण पंडित सरांनीही तेच करावं? "विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास घडवून आणणे. विद्युत रोधांच्या समांतर जोडणीची संकल्पना स्पष्ट करणे." अगं, माझी खोली त्यांच्या वर्गाला लागून होती. भिंतीतून मी ऐकलेली समांतर जोडणी अशी: "एक लूम बंद पडना तं बठ्ठा कारखाना बंद पडस का? नही ना? काबरं?" आणि साठ पोरं एकदम विचारात पडायची. ते शांत बसणं मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं.

मी त्यांना म्हटलं, "सर, हे काय आणलंत? वर्गात बोलता ते लिहा." तर या गृहस्थाने हसून मान हलवली आणि खिशातून कागद काढून लिहिलं, "बाई, ती पोरांशी बोलायची भाषा. छापायची नव्हे." समोर उभी आहे मी, आणि मला चिठ्ठी! हल्ली सगळ्यांशीच असं करतात म्हणे. शिक्षकांच्या खोलीत तोंड उघडत नाहीत. मान वाढला की माणसाची जीभ जड होते, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. यांच्याबाबतीत वाटलं नव्हतं.

दुसरा फजितवाडा. छाया नावाची दहावीतली मुलगी मैत्रिणींना घेऊन स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आपलं पान बघायला गेली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं, चांदण्या. पोरी म्हणाल्या, "बाई, तुम्ही आमच्यासाठी इंग्लिशमध्ये लिहिलं का?" माझं नाक कापलं गेलं. उपाय कळव.

सरलाआत्या

पुणे
२० सप्टेंबर १९९८

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

चांदण्यांचा उपाय सोपा आहे. त्या कॅफेच्या कॉम्प्युटरवर आपला फाँट नाही, म्हणून अक्षरं बदलून दिसली. यापुढे प्रत्येक पानाचं मी इथे चित्र करून ठेवते. उघडायला वेळ लागेल, पण कुठेही मराठीच दिसेल.

पंडित सरांवर रागावू नकोस. त्यांनी पानाखालच्या पत्त्यावर मला ईमेल पाठवली होती. त्यांचा प्रश्न असा होता, की पानावर माणसाचा आवाज ठेवता येतो का? मी लिहिलं, ठेवता येतो, पण शाळेच्या फोनलाइनवर एक वाक्य उतरेपर्यंत चहा पिऊन होईल. त्यांनी आणखीही काही लिहिलं होतं. ते तुला सांगायचं नाही असा मी शब्द दिला आहे.

माझं एक ऐक. त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बस. दिवाळीनंतर नको, आत्ताच बस.

तुझी सुवर्णा

उधना
४ ऑक्टोबर १९९८

चि. सुवर्णास,
आशीर्वाद.

आवाज ठेवायचा आहे! म्हणजे आता हे आकाशवाणीवर जाणार. माझ्याशी बोलायला चिठ्ठ्या आणि पुण्याच्या मुलीला गुप्त पत्रं. आणि तूही त्यात सामील. छान.

तरी तुझ्या सांगण्यावरून बसले. पहिल्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन गेले. टेप बघितल्याबरोबर पंडित सर "विद्यार्थी मित्रहो" म्हणाले. दहावी ब ने माना खाली घालून हसू दाबलं. घरी येऊन टेप लावली तर तीवर शाळेमागच्या कारखान्याची खटाखट, आणि त्यामागे कुठेतरी एक माणूस. त्यांचा आवाज हल्ली फार लहान झाला आहे. मुलं बाक पुढे ओढून, कान देऊन बसतात, जणू सर गुपित फोडणार आहेत. मला आधी तो नाटकीपणा वाटला. पण परिणाम होतो हे नाकारत नाही.

टेप ठेवून दिली आणि नुसती बसायला लागले. चार दिवसांत मला विसरून ते पुन्हा आपल्या बोलीवर आले. सुवर्णा, मी इंग्रजी शिकवणारी बाई. विजेचं बिल भरण्यापलीकडे माझा विजेशी संबंध आला नाही. स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी बाहेरच्या खोलीतला का जात नाही, हा प्रश्न इतकी वर्षं माझ्या डोक्यात आलाच कसा नाही? घरी येऊन मी सगळी बटणं एकेक करून लावली आणि बंद केली. शेजारच्या सुकलालला वाटलं माझ्या घरातून कुणीतरी खूण करतंय.

दुसऱ्या आठवड्यात माझा हात आपोआप चालायला लागला. मी त्यांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरून घेते. शॉर्टहँडच्या रेघा आवाजाच्या असतात, त्यामुळे त्यांत अहिराणीही बिनतक्रार बसते. सिस्टर बेनेडिक्टांना कळलं असतं तर त्यांनी माझी पेन्सिल काढून घेतली असती.

पंडित सरांना अजून सांगितलेलं नाही. विचारायला गेले तर पुन्हा चिठ्ठी मिळेल.

सरलाआत्या

उधना
११ ऑक्टोबर १९९८

सुवर्णा,

तुला माहीत होतं.

काल भाजीबाजारात पंडित सरांची बायको रंजनाबाई भेटली. मी नेहमीसारखं टोचून म्हटलं, "काय हो, सरांनी घरीसुद्धा मौन धरलंय का?" ती वांग्याच्या ढिगाजवळ उभी राहून रडायला लागली. सरांच्या स्वरयंत्रात गाठ आहे. दिवाळीनंतर मुंबईला ऑपरेशन. आवाज राहील असं डॉक्टर म्हणत नाहीत. जेवढा उरला आहे तेवढा ते दहावीसाठी राखून ठेवतात. घरी पाटीवर लिहून बोलतात. शिक्षकांच्या खोलीत गप्प बसतात ते त्यासाठी. आणि मी मान वाढल्याच्या गोष्टी तुला लिहीत बसले.

तशीच पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, म्हणजे कुजबुजले, "बाई, ओरडू नका. तुमच्या ओरडण्याला उत्तर द्यायला आवाज लागतो."

मी विचारलं, "लपवलंत कशासाठी?"

"शेठला कळलं असतं तर मला कार्यालयात बसवून दहावीला हंगामी मास्तर आणला असता. चांगल्या मनानेच आणला असता. पण वर्षाच्या मध्यात नवा माणूस... पोरं त्याची भाषा शिकणार की विज्ञान?"

मग मी पिशवीतून तुला पोस्टात टाकायला बरोबर घेतलेले टाइप केलेले कागद काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. ते वाचत गेले. दुसऱ्या पानावर त्यांचे कान लाल झाले. "हे मी बोलतो?"

"शब्द न शब्द."

"बाई, हे इन्स्पेक्टरनं पाहिलं तर?"

मी म्हटलं, "पाहू दे. मला कितीतरी वर्षं त्याच्याशी बोलायचं आहे."

त्यांनी कागद जुळवून माझ्या हातात परत दिले. आणि कुजबुजले, "पानावर ठेवा. पण माझं नाव लावू नका." कागद या पाकिटात आहेत. नाव लावू नकोस. ओळ न ओळ तशीच ठेव. "काबरं" आहे तिथे "का बरे" करशील तर याद राख.

तू शब्द पाळलास ते योग्य केलंस. मला राग आला आहे, तो जाईल.

आत्या

पुणे
२३ ऑक्टोबर १९९८

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

पानं चढवली. काही बदललं नाही. आमच्याकडे धुळ्याचा योगेश नावाचा मुलगा आहे, ऑफिसात कायम इंग्रजीतच बोलतो. त्याने समांतर जोडणीचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. सगळं ऑफिस गोळा झालं. तो वाचतच राहिला. नंतर म्हणाला, "माझ्या शाळेत असं का नव्हतं?"

किती धडे उरले आहेत? दिवाळीच्या सुट्टीत मुलं गावी गेली असतील, तिथे तरी ती पानं वाचतील का? तू पाठवत राहा, मी रविवारीही येऊन चढवीन.

तुझी सुवर्णा

उधना
१५ नोव्हेंबर १९९८

चि. सुवर्णास,
आशीर्वाद.

घाईत आहे. सरांना काल मुंबईला नेलं. शेवटच्या तासापर्यंत शिकवत होते. आम्लं आणि आम्लारी संपवलं, दोन धडे राहिले. शेवटच्या तासाला दहावी ब मध्ये इतकी शांतता होती की मागच्या कारखान्याने लूम थांबवले की काय असं वाटलं. थांबवले नव्हते.

दिवाळीत कुणी पानं वाचली का, म्हणशील तर छायाने अमळनेरला मामाकडे वाचली. तिच्या मामेबहिणीने विचारलं, "हे तुमच्या सरांनी लिहिलं?" छायाने सांगितलं, "लिहिलं नाही, बोलले." मला हे उत्तर फार आवडलं.

धुडकूशेठना आता सगळं कळलं आहे. ते माझ्यासमोर डोळे पुसून म्हणाले, "बाई, मान्सानी पेन्शन कापाव नही मी. त्यास्ले कार्यालयमा खुर्ची दिसू." म्हणजे पेन्शन शाबूत, पण शिकवणं बंद. कनवाळू माणसाशी भांडणं फार अवघड जातं.

सरलाआत्या

पुणे
१० जानेवारी १९९९

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

दोन पत्रं टाकली, तुझं उत्तर नाही. सरांचं कसं आहे? पान रोज उघडलं जातंय, एवढंच मला इथून दिसतं. कोण उघडतं, कशासाठी, ते दिसत नाही. पानावरून माणसं दिसत नाहीत ही त्याची मोठीच अडचण आहे. तू लिही.

तुझी सुवर्णा

उधना
३१ जानेवारी १९९९

चि. सुवर्णास,
आशीर्वाद.

लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. सर डिसेंबरात परत आले. आवाज गेला. गळ्यातून हवा येते, शब्द येत नाही. मी भेटायला जायची, ते पाटीवर "बरा आहे" लिहायचे आणि पाटी पालथी ठेवायचे. कार्यालयातल्या खुर्चीला त्यांनी होकार दिला होता. त्याच गोष्टीवरून मी त्यांना पाटी फुटेल इतकं बोलले, पण त्यांना उलट बोलता येत नाही, त्यामुळे माझ्याच बोलण्याची मला चव लागेना.

मग धुडकूशेठकडे गेले. म्हटलं, "एक तास द्या. पडद्यावर त्यांचं पान, मुलं वाचतील, सर समोर उभे राहतील. तुम्ही मागे बसा. नाही जमलं तर मी स्वतः ती खुर्ची पुसून देते." ते म्हणाले, "बाई, हट सोडाव नहीत तुम्ही." आणि आले. काल सकाळी मागच्या बाकावर, दोन मुलांच्या मध्ये, पांढऱ्या टोपीसकट बसले.

कॉम्प्युटर वर्गात आणला होता. छाया वाचायला उठली. पहिलं वाक्य तिने धड्यासारखं वाचलं, तर पंडित सरांनी टेबलावर डस्टर आपटला. छाया दचकली. त्यांनी बोट वर केलं, पुन्हा. या वेळी तिने "काबरं?" म्हणून थांबायला हवं तिथे थांबून वाचलं. वर्ग हसला. सरही हसले, आवाजाशिवाय. मग छाया सरांसारखी वाचत गेली आणि सर तिच्यापुढे हात, भुवया, खडू हलवत फिरत राहिले. मला वाटलं, जमलं. मी मागे वळून शेठकडे बघितलंसुद्धा.

तेवढ्यात छाया वाचता वाचता थांबली. पडद्यावर नव्हतं ते बोलली. "सर, शेजारना लूम चालू व्हयना का आमना बल्ब बारीक व्हई जास. तुम्ही तं म्हनतस, एकना दुसराशी संबंध नही."

सुवर्णा, पानावर याचं उत्तर नाही. मी ती पानं टाइप केली आहेत, मला ती पाठ आहेत. दहावी ब कडे नाही, माझ्याकडे नाही, तुझ्या मशीनमध्ये नाही. सगळा वर्ग सरांकडे बघत होता, आणि सरांनी बोलण्यासाठी तोंड उघडलं. सवयीने. नुसती हवा आली.

ते फळ्याकडे वळले. मी मनात म्हटलं, आता "संकल्पना स्पष्ट करणे" येणार. हा माणूस लिहायला लागला की त्याच्यात इन्स्पेक्टर शिरतो. खडू थोडा वेळ फळ्याला टेकून राहिला. मग त्यांनी लिहिलं:

"खांबपाईन तुमना घरलगून तार एकच शे. तीच शेजारले जास. तारबी थोडी लाइट खास. जितला जास्त मांगतस, तितली ती जास्त खास."

एवढ्या वर्षांत मी त्यांचं अक्षर हजारदा पाहिलं, पण त्या अक्षरात ही भाषा कधीच पाहिली नव्हती. मुलं ओठ हलवत वाचत होती. छाया म्हणाली, "म्हंजे संबंध शे?" सरांनी खांबाचं चित्र काढलं, खांबापासून दोन्ही घरांकडे जाणारी एकच तार काढली, तारेच्या मध्ये वीज खाणारं एक छोटं तोंड काढलं. दुसऱ्या मुलाने विचारलं, तार जाड घेतली तर ती कमी खाईल का? सरांनी त्याच्याकडे खडू रोखला, शाबास. मग आणखी एका मुलीने काही विचारलं. ते लिहीत होते, मुलं पुढचं अक्षर येण्याआधीच ओळखून ओरडत होती, चुकत होती, आणि ते मान हलवत पुढे लिहीत होते. माझी पेन्सिल हातातच राहिली. फळा भरला.

तेव्हा मागून बाक सरकल्याचा आवाज झाला. धुडकूशेठ उभे राहिले. मला वाटलं, निकाल लागला. त्यांनी टोपी नीट केली आणि हात वर केला. मुलं करतात तसा.

"सर," ते म्हणाले, "मंग सांजले मन्ही मोटर काबरं तापस?"

पंडित सरांनी त्यांना बसायची खूण केली, आणि बाहीने फळ्याचा एक कोपरा पुसून घेतला.

तुझी
सरलाआत्या